एक ओळ हिची, एक तिची

काकूंचा आवाज गोड होता असं कुणी सांगितलं, तर खुशाल समजावं की त्यानं तो कधी ऐकलेलाच नाही. आवाज होता खणखणीत, कडेला जरासा चिरकलेला. पण गालिच्यांच्या कारखान्यात हाक देणाऱ्या बाईला गोड आवाज करायचाय काय? तिनं मागाच्या मागच्या बाजूला स्टुलावर बसायचं आणि पुढे ओळीनं बसलेल्या विणकरांना, कुठल्या रंगाच्या किती गाठी, ते ओरडून सांगायचं. "दोन डाळिंबी, एक पांढरी, तीन हिरव्या, निळी एक!" विणकरांनी तेवढ्या गाठी मारायच्या, फणीनं ठोकून बसवायच्या आणि उलट ओरडायचं, "आलं!" की पुढची ओळ. कागदाबिगदाची भानगड नाही. सगळी नक्षी काकूंच्या डोक्यात, आणि डोक्यातून थेट घशात. त्या सवयीनं घरीसुद्धा हळू बोलता यायचं नाही. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारीण खिडकीत यायची.

काकू हे गल्लीनं ठेवलेलं नाव. आई म्हणायला दोन मुलगे होते, आपापल्या संसारात. आजी म्हणायला नातवंडं, सुट्टीपुरती. पण वहिनी म्हणणारं माणूस जगात एकच होतं. नवऱ्याला भाऊ नव्हता, बहीण तेवढी एक. ती काकूंची नणंद. काकूंच्याच वयाची, त्यांच्याच कारखान्यात विणायला, आणि लग्न होऊन गेली ती दोन दारं सोडून तिसऱ्या घरात. म्हणजे सासरी गेली म्हणायचं तेवढंच. कारखान्यात तिला सगळे मिरची म्हणायचे, आणि ते उगीच नाही.

दोघींचं घरी विळ्या-भोपळ्याचं सख्य. माझी छत्री तूच नेलीस, माझ्या भावाला तूच बिघडवलंस, चहात साखर टाकताना हात आखडतो का गं तुझा, असं दिवसभर चालायचं. पण मागावर बसल्या की संपलं. तिथे एक हाक द्यायची आणि दुसरी गाठ मारायची, मध्ये ताण्याच्या उभ्या दोऱ्यांची भिंत. तोंडं दिसत नसत. उभा जन्म त्यांनी एकमेकींना ऐकूनच काढला.

याला कारण त्यांची सासू. म्हणजे काकूंची सासू आणि मिरचीची आई. म्हातारी कारखान्यातली जुनी हाकवाली, आणि 'मोठी बाग' नावाची नक्षी फक्त तिला यायची. एकच झाड खालच्या काठापासून वरच्या काठापर्यंत चढत जातं, फांद्या फुटतात, फळं लागतात, पक्षी बसतात, आणि एकही ओळ दुसरीसारखी नाही. म्हातारपणी ही विद्या द्यायची कुणाला? लेकीला द्यावी तर ती परक्या घरची. सुनेला द्यावी तर ती डोक्यावर मिरे वाटणार. बाई बेरकी. तिनं सरळ वाटणी केली. पहिली ओळ सुनेला शिकवली, दुसरी लेकीला, तिसरी सुनेला, चौथी लेकीला, अशी अख्खी बाग. काकूंनी आपली ओळ दिली की मिरचीनं "आलं" म्हणायचं नाही, पुढची ओळ म्हणायची. ती ऐकल्याशिवाय काकूंना तिच्या पुढची आठवायची नाही. तिचंही तसंच. "आता भांडा किती भांडायचं ते," म्हातारी म्हणाली, "बघते कुठे जाता एकमेकींना सोडून."

म्हातारीचा हिशेब चुकला तो एवढाच, की कारखाना बंद पडेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

मशीनचे गालिचे आले, चार पैशांना गुंडाळी. मालकानं लहान माग मोडून विकले. मोठा माग तेवढा राहिला, कारण तो दारातून बाहेरच निघेना. त्याच सुमारास मिरचीचा मुलगा आला. तो समुद्रापलीकडे नोकरीला होता, बायको-मुलं तिकडेच. बाप जाऊन वर्ष झालं होतं, आई एकटी, काम नाही. म्हणाला, चल माझ्याकडे. यात वावगं काय होतं? काहीच नाही. मिरची बॅग घेऊन काकूंच्या दारात आली, उंबऱ्यावर बराच वेळ चपलेचा पट्टा लावत बसली. काकू आतून म्हणाल्या, "जा की. पोरगा न्यायला आलाय, नशीब काढलंस. आमचं काय, चाललंय." खरं तर काकूंना तिला जाऊ द्यायचंच नव्हतं. पण बाईचा स्वभावच तसा. गालिच्याच्या हजार ओळी ओरडून सांगेल, मनातली एक निघायची नाही.

पुढे काकूंचे यजमान गेले. सुरुवातीला दर रविवारी मिरचीचा फोन यायचा. मग ती एकच गोष्ट दोनदा सांगायला लागली, मग चारदा. मग एका रविवारी तिनं विचारलं, "कोण बोलतंय?" काकूंना वाटलं, आवाज नीट जात नसेल. पुढच्या रविवारीही तेच. भाचेसून फोन घेऊन हळूच म्हणाली, "मामी, त्यांचं हल्ली असंच आहे हो. वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटून घेऊ नका म्हणे! काकूंनी त्यानंतर फोन घेणंच सोडलं.

बंद कारखान्याच्या पुढच्या अर्ध्या भागात मग वॉर्डाचं वाचनालय आलं, आणि वाचनालयाबरोबर एक तरुण मुलगी आली. गल्लीत ती पुस्तकवाली. कपाटांच्या मागे हा एवढा थोरला माग बघून तिला राहवेना. चौकशी करत ती काकूंच्या घरी पोचली. "तुम्ही फक्त हाका द्या. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवते. कायमच्या राहतील."

काकू स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला आणि एका साध्या नक्षीची पहिली ओळ दिली. आणि थांबल्या. मुलगीही थांबली.

"बोला ना पुढे."

"काय बोलू? तू आलं म्हण की!"

"मी मध्ये कशी बोलू काकू? रेकॉर्डिंग चालू आहे."

"मग मला कसं कळायचं तुझी गाठ बसली ते?"

परत सुरू केलं, परत अडलं. काकूंचा घसा समोरून उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचाच नाही, त्याला त्या तरी काय करणार? तासाभरानं पुस्तकवालीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. पोरगी हट्टी, पण शहाणी. तिला उमगलं की ही चीज डब्यात भरून ठेवायची नाही, हिला समोर माणसं लागतात.

मग तिनं जे केलं ते भल्याभल्यांना सुचलं नसतं. वाचनालयाच्या दारावर पाटी लावली: आठवड्यातून एक संध्याकाळ मागावर बसा, गाठ मारायला काकू शिकवतील. तयार होणारा गालिचा कुणा एकाचा नाही. तो पुस्तकासारखा घरोघर फिरणार, महिनाभर तुमच्याकडे, मग पुढच्याकडे. लोक हसले. हसून झाल्यावर आले. निवृत्त बस कंडक्टर आला. घरी बसून बायकोला रोज शिकवण देत होता, तिनंच हाकललं त्याला. दाताची डॉक्टरीण आली. ती पहिले काही दिवस चिमट्यानं गाठी मारायला बघायची. आणखी तिघं आले. काकूंनी हाक द्यावी आणि कंडक्टरनं असं "आलं!" म्हणावं, की पुढच्या स्टॉपवर उतरणाऱ्यांनी उठून उभं राहावं.

पहिला लहान गालिचा वर्षभर फिरला. एका घरी त्यावर बाळ रांगायला शिकलं. एका घरी चहा सांडला, तेव्हा त्या घरच्यांनी तो स्वतःच्या पाहुण्यालासुद्धा दाखवला नाही, धुऊन वाळवून गपचूप परत आणला. डाग काकूंनी पाहिला आणि पाहिला नाही असं केलं. काकूंचे दिवस बरे जायला लागले होते. तरीही हाक देताना कान आपोआप मिरचीच्या मधल्या जागेकडे लागायचा. तिथे आता डॉक्टरीण बसायची. गुणी बाई, पण तिथून येणारा आवाज भलताच.

आणि मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकू, ती मोठी बाग म्हणतात ती कधी?"

काकूंनी टाळलं. आठवडाभर टाळलं. शेवटी बसल्या एकदाच्या, पहिली ओळ दिली. खणखणीत, एक गाठ इकडची तिकडे नाही. पाच जणांनी बांधली. "आलं!" कंडक्टर ओरडला. आणि काकूंच्या पुढे नुसता अंधार. दुसरी ओळ त्यांची नव्हतीच, आणि ती ऐकल्याशिवाय तिसरी घशात येईना.

"अर्धीच आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

"आणि अर्धी?" पुस्तकवालीनं विचारलं.

काकूंनी सांगितलं. कुठे आहे, कशी आहे, सगळं. "तिला मी आठवत नाही, बाई. ओळी कुठल्या आठवायला? तिथे फोन करायला सांगू नकोस मला. 'कोण बोलतंय' एवढं ऐकायला मी पुन्हा जाणार नाही."

पण करमेना. पुस्तकवाली बोलली नाही तरी मागावरची ती एकुलती ओळ रोज समोर दिसायची. चार दिवसांनी काकूंनीच भाचेसुनेचा नंबर काढून दिला. गुरुवारची संध्याकाळ ठरली. फोन मागाच्या आडव्या लाकडावर ठेवला, आवाज मोठा केला. पाचही जण हातात लोकर घेऊन बसलेले.

"कोण बोलतंय?" मिरचीचा आवाज. थकलेला, पण तोच.

"मी. वहिनी."

"कुणाच्या वहिनी?"

"तुझी गं."

"छे, छे. माझी वहिनी कारखान्यात गेलीय. येईल आता. तुम्ही बसा."

तुम्ही! जिनं उभ्या आयुष्यात "अगं ए" शिवाय हाक मारली नाही, ती तुम्ही म्हणाली. काकूंनी फोन बंद करायला हात पुढे केला होता. पण हात पोचायच्या आधी तोंडातून ओळच निघून गेली. "दोन डाळिंबी, एक पांढरी, तीन हिरव्या, निळी एक, पुन्हा डाळिंबी दोन!"

पलीकडे कुठेतरी बशी वाजली. आणि मग, जणू कालच उठून गेली होती अशा थाटात, मिरचीनं दुसरी ओळ दिली. न अडखळता. काकूंच्या घशात तिसरी आपसूक आली. पाच जणांचे हात पळायला लागले. पुस्तकवाली तोंडावर हात दाबून नाचत होती. भाचेसून मधूनच म्हणाली, "मामी, त्यांची बोटं चालताहेत हो, चादरीवर गाठी मारताहेत!" सगळे खूश. काकू मात्र फोन संपल्यावर नळावर गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या. बाग मिळाली होती, नणंद मिळाली नव्हती.

मग दर गुरुवार तसाच. ओळी सुरू असेपर्यंत मिरची लखलखीत. ओळी थांबल्या की फोनवर कुणीतरी अनोळखी बाई आहे एवढंच तिला कळायचं, आणि ती अदबीनं वागायची. त्या अदबीनं काकूंचा जीव नुसता सोलून निघायचा. त्यांनी काय काय करून पाहिलं! छत्रीचं भांडण काढलं. सासूची नक्कल केली. मिरचीच्या लग्नात मांडवात घुसलेल्या बकऱ्याची गोष्ट सांगितली. मिरची खो-खो हसली आणि म्हणाली, "तुमच्याकडेही असंच झालं होतं का?"

वरून चुगल्या सांगायची, त्या वेगळ्या. "तुमची हाक चांगली आहे हो, पण शेवट ओढता. आमची वहिनीही ओढते, किती सांगितलं तरी ऐकत नाही. बाकी बाई लाखात एक. पण मनातलं बोलेल तर शपथ. भिंतीला कान लावून बसावं तसं तिच्यापाशी बसावं लागतं."

"असं?" काकू म्हणायच्या.

झाड चढत गेलं. फांद्या फुटल्या, पक्षी बसले. गल्लीतले लोक पुस्तक बदलायला यायचे आणि तासभर मागापाशी उभे राहायचे. कुणाच्या घरी पहिला जाणार यावरून दोन बिऱ्हाडांत जुंपलीसुद्धा. पुस्तकवाली उत्साहानं म्हणाली, "काकू, वरचा काठ आला! पुढच्या गुरुवारी संपेल बहुतेक." काकूंना धस्स झालं. संपेल, मग पुढे? ओळी नसतील तर कुठल्या तोंडानं फोन करायचा? मिरची "कुणीतरी बाई आहे" म्हणून फोन सुनेच्या हातात देऊन टाकणार. बाग संपता संपता एकदा, फक्त एकदा तिनं वहिनी म्हणावं, एवढंच मागणं होतं. बाग पूर्ण झाली काय नि न झाली काय, काकूंना त्याचं आता काही राहिलं नव्हतं. पण पाच जण आशेनं बसलेले. त्यांना कुठे सांगणार हे?

शेवटच्या गुरुवारी काकूंनी नेहमीसारखी सुरुवात केली. एक ओळ हिची, एक तिची. झाडाचा शेंडा आला. आता काकूंच्या दोन आणि मिरचीची एक एवढंच उरलं होतं. काकूंनी तोंड उघडलं, आणि जन्मात कधी झालं नव्हतं ते झालं. डोळ्यांपुढे ताण्याचे दोरे एकमेकांत मिसळले आणि तोंडून भलतीच ओळ गेली, खालच्या फांदीवरची. शेंड्याच्या जागी राखाडी पक्षी. पाचही जणांनी बिचाऱ्यांनी इमानेइतबारे बांधायला घेतली.

"उसव!" फोनमधून असा आवाज आला, की डॉक्टरीणबाईंच्या हातातली कात्री पडली. "उसव म्हणते ना! शेंड्यावर कधी पक्षी बसतो का? अगं वहिनी, झोपलीस काय गं?"



बरोबर होतं तोवर हाक कुणाचीही असू शकत होती. चुकल्यावर रागवायचं माणूस मात्र मिरचीला आयुष्यात एकच होतं.

"नाही झोपले," काकू म्हणाल्या. "चुकलं माझं."

"तुझं चुकलं? तू चुकत नाहीस कधी. बरं नाही का तुला? जेवलीस का? दादा कुठे आहे?"

"आहेत," काकू म्हणाल्या. दादा गेल्याचं तिला आता कुठे सांगायचं?

"आणि मागावर कोण आहे? माझ्या जागेवर कुणाला बसवलंस?"

"पाच जण आहेत."

"पाच!" मिरची हसली, जुनं फटाकडीसारखं हसू. "मग एवढी पाच माणसं असताना मला कशाला गं फोन केलास?"

काकूंनी आडवं लाकूड दोन्ही हातांनी धरलं. समोर माणसं बसली होती, पुस्तकवाली उभी होती, त्यातलं काही त्यांना दिसलं नाही. "तुझ्यावाचून मला पुढचं काही येत नाही," त्या म्हणाल्या. "गालिच्याचंच नाही गं. सकाळी उठून काय करायचं तेसुद्धा येत नाही. तू गेल्यापासून."

पलीकडे भाचेसून काहीतरी विचारत होती, तिला मिरचीनं "गप गं" केलं.

"हे मी दारात उभी होते तेव्हा बोलली असतीस," मिरची म्हणाली, "तर गेले असते का गं मी?"

कंडक्टरनं फणी हळूच खाली ठेवली आणि खुणेनं सगळ्यांना उठवलं. एकेक जण चपला हातात घेऊन कपाटांच्या पलीकडे गेला. राखाडी पक्षी शेंड्यावर तसाच अर्धा बांधलेला राहिला.

"आता बोलतेय," काकू म्हणाल्या. "आहेस ना? फोन ठेवू नकोस."

"आहे की. बोल."

किती वेळ आहे, पुढच्या घटकेला तिकडून "कोण बोलतंय" येईल का, काही ठाऊक नव्हतं. काकूंनी स्टूल पुढे ओढलं, फोन तोंडाशी धरला आणि ओळीचं नावही न काढता बोलायला लागल्या.